वॉरंटीतील सदोष बंदूक दुरुस्तीला देताना : बेळगाव सीमाभागातील परवानाधारकांसाठी

लष्करातून निवृत्त होऊन खानापूर तालुक्यातील गावी परतल्यावर बँकेत सशस्त्र पहारेकऱ्याची नोकरी धरता यावी म्हणून मी बारा बोअरची नवी दुनळी बंदूक घेतली. पहिल्याच सरावात तिच्या डाव्या नळीने दगा दिला. बंदूक वॉरंटीत होती, त्यामुळे पंधरा दिवसांत काम होईल असे मला वाटले होते. प्रत्यक्षात ती पूर्ण दुरुस्त होऊन हातात यायला आठ महिने लागले. त्यातले निम्मे दिवस बिघाडापायी गेले नाहीत. मी कागद वेळेवर घेतले नाहीत म्हणून ते गेले. आपल्या भागात माजी सैनिक आणि शेतकरी मिळून परवानाधारक बरेच आहेत, पण ही वाट नीट समजावून सांगणारे कोणी भेटत नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

मिक्सर बिघडला तर आपण तो पिशवीत घालून दुकानात देऊन येतो आणि पावती हरवली तरी फारसे बिघडत नाही. बंदूक मात्र एका हातातून दुसऱ्या हातात जाते तेव्हा ती कोणत्या परवान्यावर आहे, कोणत्या क्रमांकाची आहे आणि कोणत्या तारखेपासून कोणाच्या ताब्यात आहे, हे दाखवणारा कागद त्याच क्षणी तयार झाला पाहिजे. पुढची प्रत्येक पायरी याच एका गोष्टीसाठी आहे.

१. बिघाड नेमका ओळखा, पण बंदूक उघडू नका

चाप ओढला आणि बार झाला नाही, तर पहिली गोष्ट म्हणजे नळीचे तोंड सुरक्षित दिशेलाच धरून निदान एक मिनिट थांबावे. काडतूस कधी कधी उशिरा पेटते, आणि त्या क्षणी बंदूक नळी खाली वाकवून उघडलेली असेल तर स्फोट तोंडावर येतो. बार झाला पण आवाज नेहमीपेक्षा दबका वाटला, तर दुसरे काडतूस मुळीच भरू नये. नळीत काही अडकले असण्याची शक्यता असते आणि पुढच्या बाराने नळी फाटू शकते.

माझ्या बाबतीत परवानगी असलेल्या रेंजवर उजव्या नळीची पाचही काडतुसे उडाली आणि डावीच्या पाचांपैकी तीन राहिली. रेंजवरच्या उस्तादांनी उडालेले एक आणि न उडालेले एक अशी दोन काडतुसे खिडकीच्या कट्ट्यावर उभी करून दाखवली. उजव्या नळीच्या काडतुसाच्या टोपीवर, म्हणजे बुडाशी जिथे ठोका बसून काडतूस पेटते त्या भागावर, मुगाची डाळ बसेल एवढा खोलगा पडला होता, तर डावीच्या टोपीवर नखाने दाबल्यासारखी पुसट खूण होती. म्हणजे काडतूस चांगले होते, फायरिंग पिनचा, म्हणजे टोपीवर आपटणाऱ्या खिळीचा, ठोकाच कमी बसत होता. या दोन टोप्यांचे जवळून काढलेले फोटो मला पुढे सर्वांत जास्त उपयोगी पडले. न उडालेले काडतूस मात्र जिवंतच समजावे. ते फोडून पाहू नये, खिशात घेऊन फिरू नये आणि नोंदीतून वगळू नये. विक्रेत्याकडे सोपवावे.

तक्रार करण्याआधी दोन शक्यता दूर करून घ्याव्यात. नव्या बंदुकीला कारखान्यातून जाड ग्रीस लावलेले असते आणि ते पिनच्या वाटेत साचले तर ठोका मंदावतो. माहितीपुस्तिकेत सांगितली असेल तेवढी सफाई करावी, त्यापुढे जाऊ नये. दुसरी शक्यता काडतुसांची. कणकुंबी-जांबोटी पट्ट्यातील पावसाळा ज्यांनी पाहिला आहे त्यांना घरात ठेवलेली काडतुसे किती ओल धरतात हे सांगायला नको, त्यामुळे ताज्या पेटीतील काडतुसांवरही तोच दोष दिसतो का, हे विक्रेत्याकडून किंवा रेंजवर तपासून घ्यावे. शेतात किंवा रानात स्वतः बार काढून पाहणे टाळावे. परवाना ज्या कारणासाठी मिळाला आहे त्यात ही चाचणी बसत नाही, आणि जंगलाच्या कडेला झालेल्या बाराची चौकशी वनखाते वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या नजरेतूनच करते.

सर्वांत मोठा सापळा म्हणजे गावातला हुशार मिस्त्री. लेथवर पिन घासून देतो, स्प्रिंग बदलून देतो असे सांगणारे लोक प्रत्येक तालुक्यात आहेत. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ प्रमाणे शस्त्रांच्या दुरुस्तीसाठीही परवाना लागतो, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना दुरुस्तीला किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. मिस्त्रीचा जन्म वाया जाईल आणि आपला परवानाही जाईल. शिवाय स्क्रूच्या खाचेवर एकदा पेचकस घसरल्याची खूण दिसली की कारखान्याला वॉरंटी नाकारायला तेवढे कारण पुरते.

२. परवाना कुठपर्यंत चालतो ते आधी वाचा

ही पायरी सीमाभागातल्या माणसासाठी सर्वांत महत्त्वाची आहे. आपली सोयरीक, बाजार, दवाखाना सगळे कोल्हापूरशी जोडलेले आहे, आणि निपाणीहून कोल्हापूर तर बेळगावच्या जवळपास निम्म्या अंतरावर आहे. त्यामुळे दुरुस्तीचे काम करणारा विक्रेता कोल्हापूरला किंवा सांगलीला आहे असे कळले की माणूस बंदूक गाडीत टाकून निघतो. पण परवान्यावर क्षेत्र म्हणून फक्त कर्नाटक लिहिलेले असेल, तर कोगनोळीची सीमा ओलांडल्यावर ती बंदूक परवान्याबाहेर जाते. वेंगुर्ले रस्त्याने बाची संपून महाराष्ट्रातली शिनोळी लागली, किंवा चोर्ला घाट उतरून गोव्यात शिरलो, तरी तीच गोष्ट. आपल्याला जी वेस रोजच्या व्यवहारात जाणवतही नाही, ती बंदुकीच्या बाबतीत मात्र खरी असते.

म्हणून परवान्यातील क्षेत्राचा रकाना वाचावा. संपूर्ण भारत असे लिहिले असेल तर अडचण नाही. तसे नसेल आणि कर्नाटकाबाहेर जाणे अटळ असेल, तर परवाना देणाऱ्या कार्यालयाकडून तारखा, मार्ग आणि विक्रेत्याचे नाव यांसह लेखी परवानगी घेतल्याशिवाय निघू नये. माझा सल्ला असा, की बेळगाव किंवा हुबळीकडच्या परवानाधारक विक्रेत्यामार्फत काम होत असेल तर ते थोडे महाग किंवा संथ वाटले तरी तेच करावे. तो विक्रेता पुढे कारखान्याकडे बंदूक पाठवेल, आणि ती वाहतूक त्याच्या परवान्याखाली, त्याच्या जबाबदारीवर होईल. स्वतः कुरिअरने किंवा ट्रान्सपोर्टच्या पार्सलने बंदूक पाठवण्याचा विचारही करू नये, मग कोणी कितीही खात्री देवो.

३. कागद जुळवा

माझ्या फाइलमध्ये शेवटी जे कागद होते ते असे: मूळ परवाना आणि त्याच्या प्रत्येक पानाच्या झेरॉक्स प्रती, परवान्यावरील युआयएन, म्हणजे राष्ट्रीय नोंदणीतील आपला क्रमांक, खरेदीचे जीएसटी बिल, विक्रेत्याची सही-शिक्का असलेले वॉरंटी कार्ड, आधार कार्ड, माहितीपुस्तिका, काडतुसांच्या खरेदीचे बिल, बंदुकीच्या दोन्ही बाजूंचे, क्रमांकाचे आणि नळीवरील चाचणीशिक्क्यांचे फोटो.

हे सगळे जमा झाले की टेबलावर पसरून एकच काम करावे. बंदुकीवर कोरलेला क्रमांक, बिलावरचा क्रमांक, वॉरंटी कार्डावरचा क्रमांक आणि परवान्यातील नोंद हे चारही एकेक अक्षर बोट ठेवून ताडून पाहावे. माझ्या वॉरंटी कार्डावर दोन आकडे उलटसुलट लिहिले गेले होते आणि घेताना ते माझ्या लक्षात आले नव्हते. एवढ्यासाठी तीन आठवडे गेले. चूक सापडली तर ती विक्रेत्याकडूनच खोडून, बाजूला सही करून घ्यावी. स्वतः पेन लावू नये.

४. तक्रार अशी लिहा की वाचणाऱ्याला बंदूक डोळ्यांसमोर दिसेल

पहिल्या खेपेला मी तक्रारीच्या कागदावर फक्त “बंदूक फायर होत नाही” एवढेच लिहिले. कारखान्यात कोणीतरी उजव्या नळीत काडतूस घालून पाहिले असावे, कारण दोन महिन्यांनी बंदूक “दोष आढळला नाही” अशा चिठ्ठीसह परत आली. दुसऱ्या खेपेला मी असे लिहिले: डाव्या नळीत पाचपैकी तीन काडतुसे उडाली नाहीत, काडतुसांची बनावट व पेटीचा क्रमांक अमुक, दुसऱ्या पेटीतील काडतुसांवर चारपैकी दोन राहिली, उजव्या नळीत एकही राहिले नाही, दोन्ही टोप्यांचे फोटो सोबत आहेत. त्या वेळी डाव्या बाजूची फायरिंग पिन आणि स्प्रिंग बदलून मिळाली, तीही एका पैशाचा खर्च न घेता.

दोष रिव्हॉल्व्हरमध्ये असेल तर कोणत्या घरावर (काडतूस बसते त्या खणावर) चक्र नीट बसत नाही, घोडा ओढून चालवताना होते की चापाने, हे लिहावे. सेफ्टी लावूनही चाप सुटत असेल, तर ती ओळ सर्वांत वर, अधोरेखित करून लिहावी आणि तो दोष गैरसोयीचा नसून जीवघेणा आहे असे स्पष्ट म्हणावे. पत्र विक्रेता आणि उत्पादक दोघांच्या नावे काढावे. ईमेल करावा आणि तेच पत्र पोचपावतीच्या स्पीड पोस्टनेही पाठवावे, कारण वॉरंटीची मुदत संपण्याआधी तक्रार केल्याचा तोच पुरावा असतो.

५. बंदूक सोपवताना पावती घेतल्याशिवाय दुकानाची पायरी उतरू नका

विक्रेत्याच्या परवान्यात विक्रीबरोबर दुरुस्तीही लिहिलेली आहे का, हे विचारून घ्यावे. विचारण्यात संकोच नको. प्रामाणिक विक्रेता परवाना भिंतीवरच लावतो. घरून निघताना दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याची खात्री करावी, बंदूक कव्हरमध्ये घालावी, काडतुसे वेगळी ठेवावीत आणि मूळ परवाना जवळ बाळगावा. शक्यतो स्वतःच्या गाडीने सरळ दुकानात जावे. वाटेत लग्नकार्याला किंवा चहाला गाडी थांबवून बंदूक आत सोडून जाणे ही चूक मी इतरांना करताना पाहिली आहे.

दुकानात मला पहिल्या वेळी वहीच्या पानावर “एक बंदूक रिपेअरसाठी मिळाली” असे लिहून मिळाले. तो विक्रेता माणूस वाईट नव्हता, पण त्या चिठ्ठीला पुढे पोलीस ठाण्यात कोणी हातही लावला नाही. पावती दुकानाच्या छापील लेटरहेडवर असावी. तिच्यावर आपले नाव, परवाना क्रमांक, युआयएन, बंदुकीचा प्रकार, बोअर, क्रमांक, दिलेली तारीख, कारण म्हणून “वॉरंटी दुरुस्ती”, सोबत दिलेल्या वस्तू आणि दुकानाच्या रजिस्टरमधील नोंदीचा क्रमांक असावा. बंदुकीवर आधीपासून ओरखडा किंवा गंजाचा डाग असेल तर तोही लिहून घ्यावा. मूळ परवाना दुकानात ठेवून येऊ नये. झेरॉक्स द्यावी आणि तिच्यावर “फक्त दुरुस्तीसाठी” असे लिहून सही करावी.

६. परवाना देणाऱ्या कार्यालयाला आणि पोलीस ठाण्याला लेखी कळवा

परवान्यावर ज्या अधिकाऱ्याचा शिक्का आहे त्याच कार्यालयात जावे. तालुक्यातील परवाने साधारणपणे डीसी (जिल्हाधिकारी) कचेरीतून निघालेले असतात, तर बेळगाव शहराच्या हद्दीत पोलीस आयुक्तालयाचा संबंध येतो. बंदूक अमुक तारखेपासून अमुक विक्रेत्याकडे वॉरंटी दुरुस्तीसाठी आहे, एवढेच एका पानाचे पत्र पुरते. सोबत पावतीची झेरॉक्स जोडावी आणि तीच प्रत आपल्या ठाण्यातही द्यावी.

भाषेबद्दल स्पष्ट सांगतो. गाऱ्हाणे मांडणारे निवेदन देशात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५० ने प्रत्येकाला दिला आहे, आणि मला माझ्या मराठीचा अभिमान आहे. तरीही हे पत्र मी कन्नडमध्ये लिहून घेतले आणि खाली मराठी प्रत जोडली, कारण ते वाचून टिपणी लिहिणारा कारकून कन्नडमध्येच फाइल चालवतो आणि मला माझी बंदूक परत हवी होती. कचेरीबाहेर अर्ज लिहून देणारे लोक असतात. त्यांच्याकडून लिहून घेतल्यावर क्रमांक आणि तारखा स्वतः तपासाव्यात. आपल्या प्रतीवर आवक क्रमांकासह शिक्का मारून घ्यावा. कन्नडमध्ये त्याला स्वीकृती म्हणतात. तोंडी “सांगितले आहे साहेबांना” याला काही अर्थ नाही.

७. बंदूक दुकानात असतानाच्या तीन गोष्टी

परवान्याची मुदत त्याच काळात संपत असेल तर नूतनीकरणाचा अर्ज निदान दोन महिने आधी करावा. बंदूक समोर नसल्याने तपासणी कशी होणार असा प्रश्न येतो, तेव्हा पाचव्या पायरीतील पावतीच दाखवायची असते. आता परवान्याची मुदत साधारणपणे पाच वर्षे असल्याने तारीख विसरायला होते. मुदत संपलेल्या परवान्यावर विक्रेता दुरुस्त झालेली बंदूकही परत देऊ शकत नाही.

निवडणूक जाहीर झाली की ठाण्यातून शस्त्र जमा करण्याची नोटीस येऊ शकते. “बंदूक दुकानात आहे” असे सांगून घरी बसू नये. पावती आणि स्वीकृती घेऊन ठाण्यात जावे आणि बंदूक दुरुस्तीसाठी परवानाधारक विक्रेत्याकडे असल्याची नोंद तिथल्या रजिस्टरमध्ये करून घ्यावी. माझ्या वेळी ती वहीच्या पानावरची चिठ्ठी इथेच आडवी आली आणि मला दुकान व ठाणे यांच्यामध्ये चार फेऱ्या माराव्या लागल्या. बंदूक कारखान्यातून आचारसंहितेच्या काळात परत आली, तर घरी आणण्याआधी ठाण्याला विचारावे.

तिसरी गोष्ट पाठपुराव्याची. दर पंधरा दिवसांनी फोनऐवजी ईमेल किंवा लेखी पत्राने विचारणा करावी.

८. परत घेताना क्रमांक पुन्हा वाचा

बंदूक हातात घेतल्यावर आधी ती रिकामी आहे हे पाहावे आणि मग क्रमांक वाचावा. केवळ पिन, स्प्रिंग, दस्ता असे भाग बदलले असतील तर परवान्यात काही बदलत नाही. कोणते भाग बदलले त्याची लेखी यादी आणि चाचणी केल्याची नोंद घ्यावी. विक्रेत्याला आपल्यासमोर दोन्ही नळ्यांचे काम तपासून दाखवायला सांगावे. त्यानंतर कार्यालयाला आणि ठाण्याला बंदूक परत मिळाल्याचे कळवावे.

नळी, किंवा ज्या भागावर क्रमांक कोरलेला असतो तो भाग बदलला असेल, किंवा कारखान्याने पूर्ण नवी बंदूक देऊ केली असेल, तर गोष्ट वेगळी आहे. क्रमांक बदलला म्हणजे कायद्याच्या दृष्टीने ते दुसरे शस्त्र झाले. जुन्याची नोंद कमी करून नव्याची नोंद परवान्यात झाल्याशिवाय ते घरी आणू नये, एका रात्रीसाठीही नाही. जुना क्रमांक नव्या भागावर कोरून देतो असे कोणी म्हणाले तर तिथून उठून यावे; ओळखचिन्ह पुसणे किंवा बदलणे हा शस्त्र अधिनियमाच्या कलम ८ खालचा विषय आहे.

इथेच खानापूर तालुक्यातल्या लोकांसाठी एक खास इशारा आहे. “जुना परवाना परत करा आणि नव्या बंदुकीसाठी नवा अर्ज करा” असा सोपा वाटणारा सल्ला काही जण देतात. भीमगड अभयारण्य २०११ मध्ये जाहीर झाले आहे, आणि वन्यजीव कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत मुख्य वन्यजीव रक्षकांच्या पूर्वसंमतीशिवाय नवा शस्त्र परवाना देता येत नाही. हेम्मडगा, तळेवाडी, गवाळी, आमगाव या बाजूच्या माणसाने एकदा परवाना सोडला तर तो पुन्हा मिळेल या भरवशावर राहू नये. त्याच परवान्यात शस्त्र बदलाची नोंद मागावी. पैसे परत घ्यायचे ठरले तरी परवाना कायम ठेवून नव्या खरेदीसाठी लेखी मुदत मागून घ्यावी.

९. वॉरंटी नाकारली किंवा टाळाटाळ झाली तर

आधी नकाराचे कारण लेखी मागावे. त्यानंतर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. तिथे मराठीतही बोलता येते. त्याने काम झाले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे आपण जिथे राहतो तिथल्या आयोगाकडे तक्रार करता येते, त्यामुळे कारखाना देशाच्या दुसऱ्या टोकाला असला तरी आपल्याला तिकडे जावे लागत नाही. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, आणि चौथ्या पायरीतले तारखा असलेले कागद इथे मोजले जातात. उत्पादक आणि विक्रेता दोघांनाही पक्षकार करावे.

दोष तपासण्यासाठी आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, म्हणून वाद चालू असताना तीच बंदूक दुसऱ्या परवानाधारकाकडून दुरुस्त करून घेण्याची घाई करू नये. पुरावाच नाहीसा होतो. सेफ्टी किंवा चापाचा दोष असेल तर ती घरातही ठेवू नये. परवानाधारक विक्रेत्याकडे रीतसर जमा करावी, ठेवीची पावती क्रमांकासह घ्यावी, आणि तिची एक प्रत परवान्याला टाचून ठेवून दुसरी ठाण्यात द्यावी.